ट्रिगरच्या तोंडापाशी कोळंबी

खाऱ्या पाण्याचे मासे विकणाऱ्या दुकानात टाकीवर बहुधा एकच चिठ्ठी असते: 'ट्रिगर'. आत पोहणाऱ्या माशांचे स्वभाव मात्र एकमेकांपासून फार दूरचे असतात. घरी पोवळ्यांची टाकी, म्हणजे रीफ टँक, असलेला माणूस त्या काचेपुढे उभा राहून विचारतो, "माझ्याकडे क्लीनर श्रिम्प आहे, हा चालेल का?" दुकानदार म्हणतो, "बिनधास्त न्या." शेजारी उभा असलेला जुनाजाणता हौशी हळूच सांगतो, "ट्रिगर आणि कोळंबी? विसरा." खोटं दोघंही बोलत नसतात. दोघांच्या डोळ्यांपुढे वेगवेगळा मासा असतो, एवढंच.

ट्रिगर माशांच्या कुळाचं शास्त्रीय नाव बॅलिस्टिडी. त्यात साधारण 40 जाती आहेत. पाठीवरच्या पहिल्या पराची रचना ही सगळ्यांची समान खूण. पहिला काटा जाड आणि मजबूत. तो उभा राहिला की मागचा छोटा काटा त्याला खिळीसारखा अडकवतो, आणि मग पुढचा काटा कितीही दाबला तरी खाली बसत नाही. दुसरा दाबला की मात्र लगेच पडतो. धोका वाटला किंवा झोपायची वेळ झाली की मासा खडकाच्या फटीत शिरतो, काटा उभारतो आणि तिथेच स्वतःला पाचरीसारखा ठोकून घेतो. टाकीतून ट्रिगर पकडताना जाळी का फाटते आणि मासा दगडातून का निघत नाही, याचं कारण हेच.

दुसरी समान खूण दातांची. तोंड लहान, पण जबडा भक्कम आणि दात छिन्नीसारखे. खेकड्याची पाठ, शंखाची कड, समुद्री साळूचं कवच फोडण्यासाठीच हे तोंड घडलंय. जर्मन संशोधक हान्स फ्रिके यांनी 1970च्या दशकात तांबड्या समुद्रातल्या ट्रिगरांच्या शिकारीची जी वर्णनं केली, ती वाचली की या माशाच्या डोक्याबद्दल आदर वाटू लागतो. लांब काट्यांच्या समुद्री साळूला तोंड लावता येत नाही, म्हणून हा मासा तोंडाने पाण्याची फुंकर मारतो, साळू उलटी करतो आणि आखूड काट्यांच्या मऊ बाजूने तिला फोडतो. असा विचार करणाऱ्या माशापासून पाच सेंटीमीटरची कोळंबी नुसत्या दगडाआड लपून वाचेल, ही आशा भाबडी आहे.

म्हणून काही जातींचा विचार कोळंबीवाल्या टाकीसाठी करूच नये. पांढऱ्या ठिपक्यांचा आणि पिवळ्या ओठांचा क्लाऊन ट्रिगर लहानपणी इतका देखणा दिसतो, की पाकिटाकडे हात जातोच. पण तो अर्ध्या मीटरपर्यंत वाढतो आणि वाढता वाढता टाकीतल्या सगळ्यांना, पोवळ्यांनासुद्धा, चावून पाहतो. नारिंगी रेघांचा अंड्युलेटेड ट्रिगर या कुळातला सर्वांत तापट म्हणून कुप्रसिद्ध आहे. त्याला एकट्यालाच टाकी द्यावी लागते. अटलांटिकातला क्वीन ट्रिगर 60 सेंटीमीटरपर्यंत जातो आणि समुद्री साळू हे त्याचं आवडतं खाणं. टायटन ट्रिगर तर 75 सेंटीमीटरचा. घरट्यावर असताना तो पाणबुड्यांच्याही अंगावर धावून जातो. त्याची हद्द घरट्यापासून वर पृष्ठभागाकडे रुंदावत जाते, म्हणून पाणबुड्यांना वर न पळता आडवं दूर जायला शिकवतात. लक्षद्वीप आणि अंदमानला डायव्हिंगसाठी जाणाऱ्या मराठी पर्यटकांनीही हे लक्षात ठेवलेलं बरं.

पिकासो ट्रिगरबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण फसगत त्याच्याबाबतीत सर्वाधिक होते. दुकानात तो चार-पाच सेंटीमीटरचा, गोजिरवाणा आणि धीट असतो. मालकाच्या हातून खातो, काचेपाशी येऊन बघत राहतो. त्याच्या एका चुलतभावाला हवाई राज्याने 1985 साली आपला राज्यमासा ठरवलं आणि 2006 साली ते कायम केलं, इतका तो लोकप्रिय. पण पिकासोचं तोंड पाहावं: लांबट मुस्कटाच्या टोकाला आलेलं, तळातून वेचून खाण्यासाठी बेतलेलं. किडे, खेकडे, शंख, कोळंबी हे त्याचं रोजचं जेवण. लहान असताना तो कोळंबीकडे दुर्लक्ष करतो, कारण ती त्याच्या तोंडात मावत नाही. मालक समजतो, यांचं जमलं. काही महिने जातात आणि एका सकाळी तळाशी फक्त दोन मिशा उरतात.

तोंडाची ही परीक्षा दुकानातच करता येते आणि नावाच्या चिठ्ठीपेक्षा ती जास्त भरवशाची आहे. मासा बाजूने पाहावा. तोंड किंचित वर वळलेलं, हनुवटी पुढे आलेली दिसली तर तो पाण्यात तरंगणारं खाणं टिपणारा मासा आहे. तोंड मुस्कटाच्या अगदी टोकाला, समोर किंवा खाली रोखलेलं असेल तर तो तळ उकरणारा. झँथिक्थिस ही प्रजाती आणि ओडोनस हा एकांडा सदस्य पहिल्या गटातले. हे मासे खडकाच्या कड्यापासून सुटून मोकळ्या पाण्यात थव्याने उभे राहतात आणि प्रवाहाबरोबर वाहत येणारे प्लवंग टिपतात.

या गटातला सर्वांत योग्य उमेदवार ब्लू थ्रोट ट्रिगर, म्हणजे झँथिक्थिस ऑरोमार्जिनाटस. नराचा गळा निळा आणि परांच्या कडा पिवळ्या. मादी साधी, करडी-तपकिरी. हिंदी महासागराच्या पश्चिम भागापासून हवाईपर्यंत तो आढळतो आणि त्याच्या आहारात कोपेपॉडसारख्या बारीक प्लवंगांचा मोठा वाटा असतो. टाकीत वीतभर वाढतो. स्वभाव शांत, किंबहुना पहिले काही दिवस भित्रा. नर-मादीची जोडी एकत्र आणता आली तर दोघंही लवकर रुळतात. दोन नर मात्र घरगुती टाकीत कधीही ठेवू नयेत. याच प्रजातीतला क्रॉसहॅच ट्रिगर अधिक देखणा आणि बराच महाग, साधारण 30 सेंटीमीटरचा. त्याला जागाही जास्त लागते आणि थंड पाणी मानवतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो सांभाळायचा तर चिलर चोवीस तास चालवायची तयारी हवी.

आपल्या दुकानांत सर्वाधिक दिसतो तो नायजर ट्रिगर, ओडोनस नायजर. निळा-जांभळा रंग, चंद्रकोरीसारखी शेपटी, मोठेपणी लाल दिसणारे दात. हा परदेशी पाहुणा नव्हे. लक्षद्वीपच्या पाण्यात त्याचे मोठे थवे असतात आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या ट्रॉलच्या जाळ्यांतही तो येतो. खाण्याच्या सवयीने तो प्लवंगभक्षीच, म्हणून 'रीफ सेफ' या शिक्क्याखाली विकला जातो. पण प्लवंगांबरोबर तो स्पंजही खातो आणि पूर्ण वाढलेला मासा 50 सेंटीमीटरपर्यंत जाऊ शकतो. टाकीत तो 30च्या आसपास थांबला तरी एवढ्या तोंडापुढे कोळंबी म्हणजे एक घास. तरुणपणी निरुपद्रवी असलेला नायजर मोठा झाल्यावर कोळंबी, लहान खेकडे आणि शंखांकडे वळल्याची तक्रार जगभरचे हौशी करतात. तशी तक्रार न करणारेही बरेच आहेत. म्हणजे नायजर हा जुगार आहे आणि माशाचं वय वाढेल तसतशी बाजी कोळंबीवर उलटत जाते.

मेलिक्थिस प्रजातीचे काळे ट्रिगर, म्हणजे ब्लॅक डर्गन, पिंकटेल आणि इंडियन ट्रिगर, या दोन टोकांच्या मधले. शेवाळ हा त्यांच्या आहारातला मोठा भाग, पण पिंकटेल खेकडेही सोडत नाही. कोळंबीसाठी जिवाचं रान करणाऱ्यांनी इकडे वळू नये.

जात ठरली की जागेचा हिशेब. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत साधारण 450 लिटर पाणी मावतं. ब्लू थ्रोटच्या एका जोडीसाठी ही किमान मर्यादा धरावी. नायजरला सहा फूट लांबीखाली, म्हणजे 680 लिटरखाली, ठेवणं माशावर अन्याय आहे आणि कोळंबीवर त्याहून जास्त. पोहायला लांबी मिळाली नाही की ट्रिगर कंटाळतो, आणि कंटाळलेला ट्रिगर दगड हलवतो, हीटरची वायर चावतो, समोर जे हलेल त्याची परीक्षा घेतो. हीटर आणि बाकीची उपकरणं खालच्या सम्पमध्ये ठेवावीत. टाकीवर जाळीचं झाकण हवंच. हे मासे उडी मारतात.

दगडांची रचना करताना ट्रिगरला झोपायला एक-दोन ऐसपैस बिळं आणि कोळंबीला अरुंद फटी, अशी दुहेरी सोय करावी. दोन-तीन सेंटीमीटरच्या, दोन्ही बाजूंनी उघड्या फटी उत्तम. एकच तोंड असलेली फट म्हणजे सापळा. दगड एकमेकांवर नुसते रचू नयेत. एपॉक्सीने किंवा आतून दांडा घालून पक्के करावेत, नाहीतर ट्रिगर पाया उकरतो आणि सगळा डोलारा खाली येतो.

आता मुख्य गोष्ट: या दोघांची पहिली भेट.

टाकीतला ट्रिगर काही दिवसांतच एक नियम शिकतो. वरून जे पडतं ते खायचं असतं. मालकाचा हात झाकणापाशी गेला की तो वर येऊन थांबतो. अशा टाकीत कोळंबी पिशवीतून वरून सोडली की ती पाय हलवत, गोंधळलेली, हळूहळू खाली येते, आणि ट्रिगरच्या लेखी तो खास जेवणाचा दिवस ठरतो. यात माशाचा स्वभाव वाईट नाही आणि जातही चुकीची नाही. अगदी शांत ब्लू थ्रोटसुद्धा हे करतो. 'रीफ सेफ' म्हणून आणलेल्या ट्रिगरने कोळंबी खाल्ली, या तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा एवढंच असतं.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी कोळंबी, आणि तीही टाकी पूर्ण बसल्यावर. तिने आपली जागा ठरवावी, साफसफाईचा ठिय्या मांडावा, इतर माशांनी तिच्यापुढे तोंड वासून उभं राहायला शिकावं. लाल-पांढरी क्लीनर कोळंबी, लिस्माटा अंबोइनेन्सिस, लांब पांढऱ्या मिशा हलवत आणि अंग डोलवत आपली ओळख देते. समुद्रात मोरे ईल आणि हेकरूसारखे शिकारी मासे तिच्यापुढे शांत उभे राहतात, कारण ती अंगावरचे परजीवी आणि मेलेली त्वचा टिपते. ट्रिगर सर्वांत शेवटी, आणि लहान आकाराचा आणावा. सात-आठ सेंटीमीटरचा मासा आणि पूर्ण वाढलेली, पाच-सहा सेंटीमीटरची कोळंबी ही चांगली जोडी. अशा ट्रिगरच्या दृष्टीने कोळंबी ही त्या घराची जुनी रहिवासी असते आणि तोंडात मावत नाही. पुढे तो वाढतो, पण तोवर तिच्याकडून गालफडं साफ करून घ्यायची सवय लागलेली असते. सवय म्हणजे हमी नव्हे. तरी टाकीत या सवयीइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

नव्या ट्रिगरला थेट मोकळं सोडण्याऐवजी भोकं पाडलेल्या पारदर्शक अॅक्रिलिकच्या पेटीत चार-पाच दिवस टाकीतच टांगून ठेवावं. त्याला बाहेरची कोळंबी दिसते, तिला तो दिसतो. कोळंबी पेटीजवळ आल्यावर तो काय करतो याकडे लक्ष द्यावं. दुर्लक्ष केलं तर शुभशकुन. अंग तिरपं करून एका डोळ्याने रोखून पाहणं, मग पेटीच्या भिंतीवर चोच मारणं, असं वारंवार दिसलं तर तो मासा दुकानात परत न्यावा. ट्रिगरचे दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात, त्यामुळे ही रोखलेली नजर ओळखायला फारशी अडचण येत नाही.

ट्रिगर आधीपासून घरात असेल आणि कोळंबी नंतर आणायची असेल तर काम अवघड आहे, अशक्य नाही. त्या दिवशी माशाला दोन-तीनदा पोटभर खाऊ घालावं. दिवे बंद झाल्यावर तो आपल्या बिळात काटा उभारून पडतो, तोपर्यंत थांबावं. कोळंबीला पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घालून दोन्ही टोकांना बोळा लावावा. तो तुकडा हाताने थेट दगडांच्या फटीपाशी नेऊन ठेवावा आणि मगच बोळा काढावा. ती पाण्यातून खाली पडताना कुणाला दिसताच कामा नये. दुसऱ्या दिवशी दिवे नेहमीपेक्षा उशिरा लावावेत आणि लावण्याआधी मोबाइलच्या मंद उजेडात ट्रिगरला खाणं द्यावं.

कोळंब्यांच्या जातींत निवड करायची तर क्लीनर पहिली. तिचा पेशाच तिचं चिलखत आहे. रक्तासारखी लाल फायर श्रिम्प, लिस्माटा डेबेलियस, जास्त लाजाळू आणि दिवसा कपारीत बसणारी. ती वाचते ती दिसत नाही म्हणून. पेपरमिंट श्रिम्प एप्टेजिया नावाच्या उपद्रवी अॅनिमोनचा फडशा पाडते म्हणून आणतात. ती लहान, पारदर्शक आणि मुख्यतः रात्री फिरणारी. ट्रिगर रात्री झोपतो, हे तिच्या पथ्यावर पडतं. तिच्या नावाखाली पुष्कळदा कॅमल श्रिम्प विकतात, जी उलट पोवळीच कुरतडते. पाठीवर कुबड आणि ठळक पांढऱ्या रेघा दिसल्या तर घेऊ नये. पंजे पसरून उभी राहणारी बॅंडेड कोरल श्रिम्प शूर दिसते, पण तिचे लांब पंजे आणि मिशा ट्रिगरला चाळा म्हणून तोडायला सोयीच्या पडतात. वाळूत बीळ करून गोबी माशाबरोबर राहणारी पिस्तूल कोळंबी बऱ्यापैकी सुरक्षित, कारण ती बाहेर येते ती पहारेकरी गोबीच्या भरवशावर. दोन सेंटीमीटरच्या सेक्सी श्रिम्पचा विचार ट्रिगरबरोबर करू नये. ती प्लवंगांच्याच मापाची आहे.

कोळंबीचा सर्वांत नाजूक काळ कात टाकण्याचा. वाढण्यासाठी ती दर काही आठवड्यांनी अंगावरचं कवच फेकते आणि नवं कवच घट्ट होईपर्यंत, साधारण एक-दोन दिवस, मऊ असते. या काळात ती स्वतःहून लपते. तिला शोधण्यासाठी दगड उचलणारा मालक ट्रिगरपेक्षा धोकादायक. लिस्माटा कोळंब्या मोठ्या झाल्यावर नर आणि मादी दोन्ही असतात आणि कात टाकल्यावरच अंडी घालतात. दोन क्लीनर ठेवल्या तर पोटाखाली हिरवट अंड्यांचे घोस दिसू लागतात. पिल्लं बाहेर पडतात ती रात्री, सूक्ष्म प्लवंगांच्या रूपात. त्यातली सकाळपर्यंत उरलेली ब्लू थ्रोट आनंदाने टिपतो.

कात टाकल्यावर तळाशी पडलेलं रिकामं कवच पाहून घरात सुतक लागतं आणि ट्रिगरवर आळ येतो. फरक ओळखणं सोपं आहे. कात काचेसारखी पारदर्शक, हलकी असते आणि डोक्याच्या मागे फाटलेली असते. प्रेत अपारदर्शक, दुधाळ किंवा गुलाबी पडतं. शिकार झाली असेल तर तुकडे मिळतात किंवा काहीच मिळत नाही.

ट्रिगरवर दुसरा खोटा आळ येतो तो क्षारतेमुळे. पुष्कळ दुकानं माशांच्या टाक्यांत मीठ कमी ठेवतात, विशिष्ट घनता 1.018 ते 1.020. त्यात पैसे वाचतात आणि परजीवीही थोडे आटोक्यात राहतात. रीफ टँकचं पाणी मात्र 1.025 ते 1.026 असतं. मासा हा फरक काही प्रमाणात सोसतो, कोळंबी सोसत नाही. पिशवी अर्धा तास तरंगत ठेवली आणि सोडली, की ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मरते आणि ट्रिगर फक्त तिचं प्रेत खातो. मालकाला दिसतं ते एवढंच, की ट्रिगर कोळंबी खातोय. उपाय म्हणजे दुकानातच रिफ्रॅक्टोमीटरने पिशवीतलं पाणी मोजावं आणि घरी बारीक नळीने थेंब थेंब पाणी सोडत दीड-दोन तासांत तिला नव्या पाण्याशी जुळवून घेऊ द्यावं.

उन्हाळ्यात हा धोका आणखी वाढतो. पुणे-नागपूरकडच्या एप्रिल-मेमध्ये टाकीतून रोज बरंच पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि क्षारता चढते. आपोआप भर घालणारं यंत्र नसेल तर रोज सकाळी खुणेपर्यंत आरओ-डीआयचं गोडं पाणी घालावं, आठवड्याने एकदम बादलीभर नव्हे. तापमान 25-26 अंशांवर राखावं. ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याची झळ कोळंबीला आधी लागते. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही चैन नाही.

खाण्याचं वेळापत्रक म्हणजे कोळंबीचा विमा. प्लवंगभक्षी मासे समुद्रात दिवसभर थोडं थोडं खात असतात. त्यांना संध्याकाळी एकदाच घसघशीत वाढण्याऐवजी दिवसात तीनदा थोडं द्यावं: गोठवलेले मायसिस, बारीक क्रिल, चिरलेले कालव, चांगल्या प्रतीचे दाणे. जास्त खाण्याने नायट्रेट वाढतं, म्हणून प्रोटीन स्किमर टाकीच्या मापापेक्षा एक पायरी मोठा घ्यावा. ट्रिगरला टाकीच्या एका टोकाला गुंतवावं आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला लांब चिमट्याने कोळंबीला तिचा वाटा द्यावा. नाहीतर क्लीनर पाण्यात उलटी पोहत वर येते आणि खाण्याच्या गर्दीत नेमकी ट्रिगरच्या तोंडासमोर जाते. ट्रिगरला जिवंत कोळंबी खेळ म्हणून कधीही देऊ नये. मायसिसचा चुरा आणि हलणारी अख्खी कोळंबी यांतला फरक त्याला कळतो, आणि एकदा कळला की विसरत नाही.

घरात कोळंबीचं कालवण होणार असेल तर त्यातल्या दोन ताज्या कोळंब्या टाकीला द्याव्यात, हा मोह मराठी घरात होणारच. तो टाळावा. 1990च्या दशकाच्या मध्यात भारतातल्या कोळंबी शेतीला ज्या व्हाइट स्पॉट विषाणूने झोडपलं, तो अनेक जातींच्या कोळंब्यांना आणि खेकड्यांना होतो. पेपरमिंट श्रिम्पलाही त्याची लागण होते, हे प्रयोगांत दिसलं आहे. माणसाला या विषाणूचा त्रास नाही आणि ट्रिगरलाही नाही, पण ट्रिगरच्या ताटातून तो क्लीनरपर्यंत पोचू शकतो. गोठवल्यानेही तो खात्रीने मरत नाही. बाजारातलंच द्यायचं असेल तर कालव किंवा म्हाकूल द्यावं. सुका जवळा फार खारट, तो तर नकोच.

आजाराच्या बाबतीत एकच कडक नियम: तांबं मुख्य टाकीत नको. ट्रिगरच्या अंगावर पांढरे दाणे आले, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन झाला, की दुकानदार तांब्याचं औषध देतो. ते माशाला मानवतं, कोळंबीला मारतं आणि दगड-वाळूत मुरून पुढेही त्रास देत राहतं. म्हणून ट्रिगर घरी आणल्यावर आधी किमान चार आठवडे वेगळ्या, दगड-वाळू नसलेल्या टाकीत ठेवावा. तिथे पीव्हीसीचा रुंद तुकडा लपायला द्यावा आणि औषध द्यायचं तर तिथेच द्यावं. ज्या जुन्या टाकीत पूर्वी कधी तांबं वापरलं गेलंय ती स्वस्तात मिळाली तरी कोळंबीसाठी घेऊ नये.

कायद्याचा मुद्दा दुकानात सहसा कुणी काढत नाही. भारताच्या समुद्रातली दगडी पोवळी, काळी पोवळी आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवण, लक्षद्वीप किंवा अंदमानच्या किनाऱ्यावरून पोवळ्याचा तुकडा उचलून टाकीत ठेवणं गुन्हा आहे, मग तो मेलेला का असेना. परदेशातून येणारी दगडी पोवळी साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात आणि 2022च्या दुरुस्तीनंतर अशा यादीतले सजीव बाळगणाऱ्यांवर नोंदणीची जबाबदारी आली आहे. त्यामुळे कागदपत्रांशिवाय खरेदी करू नये. झोअँथिड आणि मश्रूमसारखी मऊ मंडळी आणि कोरड्या कृत्रिम दगडांची मांडणी यांवर सुंदर टाकी उभी राहते. ब्लू थ्रोटला त्याने काही फरक पडत नाही.

सगळं नीट केलं तरी दर आठवड्याला एकदा टाकीपुढे दहा मिनिटं नुसतं बसावं. क्लीनरच्या मिशा दोन्ही बाजूंनी पूर्ण आहेत का? एखादी तुटली तर पुढच्या कातीत परत येते, पण दर वेळी तुटत असेल तर कुणीतरी चाखून पाहतंय. ती खाण्याच्या वेळी बाहेर यायची बंद झाली आहे का? शंख आणि हर्मिट खेकडे कमी होत आहेत का? कोळंबीच्या आधी नंबर त्यांचा लागतो, त्यामुळे रिकामे शंख वाढणं ही सर्वांत लवकर मिळणारी सूचना. नायजर वीतभर झाला की हे निरीक्षण आठवड्याऐवजी रोज करावं.

ट्रिगर काढायची वेळ आली तर जाळी घेऊन मागे लागू नये. तो फटीत काटा रोवून बसेल आणि दगड मोडावे लागतील. पारदर्शक पिंजऱ्यात तीन-चार दिवस खाणं ठेवून त्याला आत येऊ द्यावं आणि मग दार पाडावं. फटीत अडकलेला मासा ओढून काढायची वेळ आलीच तर दुसरा छोटा काटा मागे दाबावा, पहिला आपोआप बसतो. काठावरून समुद्रात किंवा खाडीत त्याला सोडायचा नाही. शोभेचे म्हणून पाळलेले इंडो-पॅसिफिकातले लायनफिश अटलांटिकात सुटले आणि तिथल्या किनाऱ्यांना डोईजड झाले, हे उदाहरण ताजं आहे. फक्त माशांची मोठी टाकी असलेला दुसरा हौशी शोधावा, त्याच्या टाकीची लांबी विचारून घ्यावी आणि मासा देताना त्याच्या खाण्याच्या वेळा कागदावर लिहून द्याव्यात.